मासळीला उष्णता किती आणि कधी

बाजारात बांगडा घेताना आपण त्याचे डोळे बघतो, कल्ले उघडून बघतो, पाठीवर बोट दाबून बघतो. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ले लालभडक हवेत, पोट घट्ट हवं, दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. या सगळ्या खुणा खऱ्या आहेत. वेगवेगळ्या दिसल्या तरी त्या विचारतात एकच प्रश्न: हा मासा पाण्यातून निघाल्यावर किती वेळ उबेत राहिला?

मासळी अंगी लागणार की बाधणार, मऊ होणार की चामट, हे वाटपापेक्षा, म्हणजे वाटलेल्या मसाल्यापेक्षा, उष्णतेवर जास्त ठरतं. चुलीवर चढण्याआधी तिला ऊब लागू द्यायची नाही, आणि चढल्यावर लागेल तेवढीच द्यायची. घरी ताजी मासळी करण्याचं शास्त्र माझ्या मते या दोन गोष्टींत आलं. वाटप काय, ते प्रत्येक घराचं वेगळं असतंच.

मासा इतक्या लवकर का नासतो

मटणापेक्षा मासा लवकर खराब होतो, त्याची कारणं त्याच्या शरीरातच आहेत. मासा पाण्यात तरंगतो, त्याला स्वतःचं वजन पेलायचं नसतं. म्हणून त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे पडदे पातळ आणि नाजूक असतात. त्याची चरबी थंडीतही पातळ राहणारी असते, आणि अशी चरबी हवा लागली की लवकर खवट होते. पोटातले पाचक रस तर मासा मेला म्हणून थांबत नाहीत, ते आतूनच पोट खायला लागतात. तारली थोडा वेळ उन्हात राहिली की तिचं पोट फुटलेलं दिसतं, ते यामुळे.

आता वासाचं. समुद्रातल्या खाऱ्या पाण्याने शरीरातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून समुद्री माशाच्या पेशींमध्ये ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि ज्याला आपण मासळीचा उग्र वास म्हणतो तो याचा. अगदी ताज्या माशाला समुद्राच्या पाण्यासारखा हलका वास येतो, एवढंच. रोहू, कटला अशा गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य फारसं नसतं, म्हणून त्यांचा वास वेगळा, कधी चिखलाचा. मोरीची गोष्ट आणखी निराळी. शार्कच्या जातीच्या माशांच्या रक्तामांसात युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी शिळी झाली की नाकात झोंबते.

ट्रायमिथिलअमाइन अल्कधर्मी आहे. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही, नाकापर्यंत पोचतच नाही. मासळीला आगळ (कोकमाचा रस), लिंबू नाहीतर चिंचेचा कोळ लावून ठेवायची आपली पद्धत इथे बरोबर बसते. चवीसाठी आंबट हवंच, पण ते वासाचंही काम करतं. मात्र एक गोष्ट मनात पक्की धरायची: आंबटाने वास गेला म्हणजे मासा ताजा झाला असं नाही. मासा नाकाने तपासायचा तो आंबट लावायच्या आधी.

बांगडा बाधतो तेव्हा काय होतं

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण याबद्दल घरोघरी गैरसमज आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्यूना) यांच्या मांसात, विशेषतः गडद मांसात, हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की काही जिवाणू या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपलं शरीर जे द्रव्य सोडतं तेच हे. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत तोंड आणि मान लाल होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगाला खाज सुटते, कधी उलटी-जुलाबही होतात.

यातली वाईट गोष्ट ही, की एकदा तयार झालेलं हिस्टामिन उष्णतेने मोडत नाही. उकळा, तळा, कुकरला लावा, ते तसंच राहतं. फ्रीझरमध्ये टाकूनही जात नाही. वास येईलच असंही नाही. कधीकधी जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, तेवढीच खूण. त्यामुळे 'चांगला शिजवला की काही होत नाही' हे बांगड्याच्या बाबतीत खरं नाही. बांगडा उष्ण पडतो असं आपल्याकडे म्हणतात. त्यातले बरेचसे त्रास बांगड्याच्या गुणाचे नसून वाटेत लागलेल्या उबेचे असावेत, असं मला वाटतं. असा त्रास झाला तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावं, आणि मासे काय खाल्ले ते आठवणीने सांगावं. श्वासाला अडथळा वाटला तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

बर्फ

यावर उपाय एकच, बर्फ. आणि बर्फ आपल्या मासळीला विशेष लागू पडतो. आपला समुद्र उबदार, त्यामुळे आपल्या माशांवरचे बरेचसे जिवाणू उबेला सरावलेले असतात आणि बर्फात ते गारठतात. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या कॉडसारख्या माशावरचे जिवाणू मुळात थंडीतच वाढलेले, ते बर्फातही हळूहळू काम करत राहतात. म्हणून बर्फात नीट ठेवलेला उष्ण कटिबंधातला मासा साधारणपणे थंड समुद्रातल्या माशापेक्षा जास्त दिवस टिकतो. बोटीवर आणि वखारीत माशाच्या वजनाइतका बर्फ घालतात तो उगाच नाही.

याचा एक अर्थ असा, की पुण्या-नाशिकच्या बाजारात रात्रभर बर्फातून प्रवास करून आलेली सुरमई ही बंदरावर टोपलीत अर्धा दिवस उन्हात पडलेल्या सुरमईपेक्षा चांगली असू शकते. समुद्र लांब आहे म्हणून हळहळायचं कारण नाही. विक्रेत्याच्या फळीवर बर्फ किती आहे, मासे बर्फात आहेत की बर्फाशेजारी, ते बघायचं. भिगवणकडे जवळच्या लोकांना उजनीची ताजी मासळी मिळते. ती सोडून शिळ्या पापलेटामागे धावू नये.

आपल्या हातात उरतो तो बाजार ते घर हा रस्ता. मासळी बाजार सगळ्या कामांच्या शेवटी ठेवायचा, सोबत झाकणाचा डबा आणि थोडा बर्फ न्यायचा. भाजीच्या पिशवीत मासे घेऊन तासभर इतर दुकानं फिरणं टाळायचं. घरी आल्यावर पोट आणि कल्ले काढून टाकायचे, कारण जिवाणूंचा आणि पाचक रसांचा मोठा साठा तिथेच असतो. कोळणीकडून साफ करून घेतले असतील तरी पाठीच्या काट्याला चिकटलेलं रक्त अंगठ्याने खरवडून काढायचं. मासा अख्खा असतानाच धुवायचा. तुकड्या केल्यावर पाच-सहा पाण्यांनी धुण्याची सवय अनेकांना असते, त्यात स्वच्छता वाढत नाही, चव तेवढी वाहून जाते. मग पाणी निथळून, झाकून, फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात. त्याच दिवशी करायचा, फार तर दुसऱ्या दिवशी. त्याहून उशीर होणार असेल तर ताजा असतानाच फ्रीझरमध्ये टाकायचा, आणि काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा. ओट्यावर उघडा ठेवून वितळवला तर बाहेरचं मांस उबेला येतं आणि आत अजून दगड असतो.

बर्फाऐवजी फॉर्मॅलिन, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, वापरल्याच्या संशयावरून २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात मोठं वादळ उठलं होतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने फॉर्मॅलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या आहेत. पट्टी जवळ नसली तरी ओळखीच्या कोळणीकडून घेतलेली, हंगामातली, जवळच्या बंदराची मासळी हा बराचसा दिलासा असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत दिसणारी मोठी 'ताजी' सुरमई कुठून आली, हे विचारायला संकोच करू नये. त्या दोन महिन्यांत आमच्या कोकणात खाडीची मासळी असते, सुकट-सोडे असतात. खारवलेल्या माशात मीठ फार, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी तो भिजवून, पाणी टाकून, आणि थोडाच खावा.

महाग मासा म्हणजे पौष्टिक मासा नव्हे

पापलेट चवीला नाजूक, काटे कमी, पाहुण्यांसमोर शोभणारं. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण हृदयासाठी आणि मेंदूसाठी ज्या ओमेगा-३ चरबीचं नाव आपण ऐकतो, ती तारली आणि बांगड्यासारख्या तेलकट माशांत भरपूर असते. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ही चरबी बनवतं, ते शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव तारली खाते, आणि तारलीतून ती आपल्याकडे येते. जवस आणि अक्रोडात मिळणारं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्याचा थोडाच भाग या रूपात बदलू शकतं. त्यामुळे तारलीचा वाटा स्वस्त मिळाला म्हणून तो कमी प्रतीचा समजू नये. मांदेली किंवा मोतकांसारखे बारीक मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यातून कॅल्शियमही मिळतं.

छोट्या मासळीचा आणखी एक फायदा आहे. समुद्रात आलेला पारा शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात असा चढत जातो आणि जास्त वर्षं जगणाऱ्या शिकारी माशांत साठतो. मोरी आणि खूप मोठे कुपे यांच्यात तो जास्त सापडतो. शिजवून तो जात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी मोरीसारखे मासे टाळावेत, पण मासे खाणंच सोडू नये. बाळाच्या मेंदूला ओमेगा-३ लागतंच, आणि ते बांगडा-तारलीतून बिनधास्त मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम मासे खायला सांगितले आहेत. म्हणजे आठवड्यातून एक-दोन जेवणं.

चुलीवर

माशाचे स्नायू तुकड्या-तुकड्यांच्या थरांत रचलेले असतात आणि मधल्या पातळ पडद्यांमध्ये कोलाजेन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं प्रथिन, असतं. मटणातलं कोलाजेन विरघळायला तासभर शिजवावं लागतं. माशातलं ५०-५५ अंश सेल्सिअसच्या आसपासच विरघळतं, म्हणून मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतो. त्यानंतर उष्णता वाढत गेली की प्रथिनं आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि मांस कोरडं पडतं. सुरक्षिततेसाठी आतलं तापमान ६३ अंशांपर्यंत गेलं की पुरे, आणि तुकडी तिथे फार लवकर पोचते. एक इंच जाडीला साधारण १० मिनिटं असा एक जुना ठोकताळा आहे. घरच्या तुकड्या अर्ध्या इंचाच्या असतील तर पाच मिनिटंच झाली. काट्याजवळचं मांस पारदर्शक न राहता दुधट झालं आणि काट्यापासून सुटलं, की गॅस बंद.

म्हणूनच कालवण करताना आधी सगळं मसाल्याचं काम उरकायचं. वाटप परतून घ्यायचं, पाणी घालून खळखळून उकळायचं, कच्चा वास जाऊ द्यायचा, मीठ आणि सोलं (कोकमं) घालून चव बघायची. मग आच कमी करून तुकड्या सोडायच्या. त्यानंतर डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच हाताने गोल हलवायचं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालायची तीही शेवटी, आतली काळी बी काढून, जरा ठेचून. त्यांचा वास जास्त शिजवण्याने उडतो. मातीच्या भांड्यात करत असाल तर दोन मिनिटं आधीच गॅस बंद करा, भांड्यात धरलेली उष्णता उरलेलं काम करते.

तळण्याबद्दल लोकांना अपराधी वाटतं. ते निम्मंच खरं आहे. खोल तेलात तळलं की माशातली काही चांगली चरबी तेलात जाते आणि कढईतलं तेल माशात शिरतं, कमी चरबीच्या माशात तर जास्तच. पण तांदळाचं पीठ-रवा लावून, बिडाच्या तव्यावर दोन-तीन चमचे तेलात भाजलेली तुकडी ही वेगळी गोष्ट आहे. तवा चांगला तापलेला असावा, तुकडी कोरडी असावी. ओली तुकडी आधी वाफते, मग तेल पिते. बोंबलाच्या अंगात पाणीच फार असतं, म्हणून त्याला चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून ठेवतात. ते पाणी निघालं नाही तर बोंबील तव्यावर विरघळतो. बांगडा तर तेलाशिवायही छान होतो: हळद, मीठ, मिरची-लसणाचं वाटण चिरांमध्ये भरायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं आणि झाकण ठेवून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. पानाच्या आत तो स्वतःच्या वाफेत आणि स्वतःच्या तेलात शिजतो.

नारळाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश चरबी असते आणि त्यातली बहुतेक संपृक्त. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला डॉक्टरांनी मासे खायला सांगितले आणि घरात रोज अख्ख्या नारळाचं घट्ट कालवण झालं, तर हेतू फसतो. नारळ सोडायची गरज नाही. एक दिवस नारळाचं हुमण केलं तर दुसऱ्या दिवशी कोकम, मिरची आणि लसणाचं पातळ तिखलं करावं. तेही आपल्याच घरचं, आणि बांगड्याला मला तेच जास्त शोभतं असं वाटतं.

कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या

कोळंबीला तर मिनिटंच पुरतात. कच्च्या कोळंबीत नारिंगी रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती राखाडी दिसते. उष्णतेने प्रथिन मोडतं आणि रंग मोकळा होतो. गुलाबी झाली, किंचित वळली, की उतरवायची. आवळून पूर्ण गोल झाली म्हणजे जास्त शिजली. पाठीतला काळा धागा म्हणजे तिचं आतडं, तो काढावा. सालं आणि डोकी टाकू नका. थोड्या पाण्यात उकळून गाळलेलं ते पाणी कोळंबीभातात घातलं तर मसाला कमी लागतो. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण संपृक्त चरबी अगदी नगण्य. बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आहारातल्या संपृक्त चरबीने जास्त वाढतं. तेव्हा दोष कोळंबीपेक्षा ती ज्या तेलातुपात पोहते त्याचा. ज्यांना डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिलं आहे त्यांनी ते पाळावंच. कुर्ली जिवंतच घ्यावी आणि हातात धरून जड लागते का बघावं. मेलेली कुर्ली फार लवकर बिघडते.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे या शिंपल्यांतल्या जिवांचा नियम मात्र माशाच्या उलटा आहे. इथे थोडं जास्त शिजलं तरी चालेल, कमी शिजलेलं चालणार नाही. हे जीव दिवसभर पाणी आत घेऊन गाळतात आणि त्यातलं खाणं ठेवून घेतात. पाण्यात सांडपाणी मिसळलं असेल तर त्यातले जिवाणू आणि काविळीचे विषाणूही त्यांच्यात साठतात. जिवाणू-विषाणू नीट शिजवल्याने मरतात. नाल्याच्या तोंडाशी साठलेले जड धातू किंवा काही शेवाळांची विषं शिजवूनही जात नाहीत, म्हणून त्या कुठून काढल्या हे विचारणं गरजेचं. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी कच्ची कालवं तोंडातच घालू नयेत.

कुर्लीसारख्या तिसऱ्याही जिवंतच हव्यात. शिंपली मिटलेली असावी, किंवा टिचकी मारल्यावर मिटावी. उघडी राहिली तर टाकून द्यायची. रेती सुटायला लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून तासभर ठेवायच्या, गोड्या पाण्यात त्या मरतात. मग पातेल्यात थोडं पाणी उकळून त्यात टाकायच्या, झाकण ठेवायचं, आणि शिंपल्या उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं उकळू द्यायच्या. ज्या उघडल्याच नाहीत त्या काढून टाकायच्या. खालचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यात सगळी चव असते, आणि मीठही, म्हणून एकशिपी (तिसऱ्यांचं कालवण) करताना मीठ शेवटी चव बघूनच घालायचं. तिसऱ्यांमध्ये बी-१२ भरपूर असतं, कालवांमध्ये जस्त. थोड्याशा खाण्यातून एवढं देणारे पदार्थ फार नाहीत.

घरात पाहुणे येणार असतील तर आधी विचारून घ्या. कोळंबी-कुर्ल्यांची ज्यांना ॲलर्जी असते ती बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आणि शिजवल्याने ते प्रथिन निष्प्रभ होत नाही. अशी माणसं बहुतेकदा बांगडा आरामात खाऊ शकतात, पण कोळंबी ढवळलेला डाव बांगड्याच्या कालवणात घातला तरी त्यांना त्रास व्हायला तेवढं पुरतं. दोन भांडी, दोन डाव ठेवा.

उरलेल्या कालवणाबद्दल एक शेवटचं. तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, हे बरोबर आहे. पण ते रात्रभर ओट्यावर मुरवायचं नाही. दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सगळं पातेलं गरम करत बसू नका. लागेल तेवढंच काढून वाफ येईपर्यंत तापवा, बाकीचं थंडच राहू द्या.